फाईल टाकली आहे, म्हणजे काय?

श्रीरामपुरात अलीकडे एक वाक्य वरचेवर कानावर येते. 'पोराने पीआरची फाईल टाकली आहे.' सोयरिकीच्या बोलणीत येते, शाळेच्या पालकसभेत येते, जुम्म्याच्या नमाजनंतर मशिदीच्या पायऱ्यांवर चपला शोधतानाही येते. सांगणाऱ्याच्या आवाजात समाधान असते आणि ऐकणारा 'माशाअल्लाह' म्हणून मोकळा होतो. पीआर म्हणजे परक्या देशात कायम राहण्याचा हक्क, एवढे आता सगळ्यांना ठाऊक आहे. पण फाईल टाकल्यापासून ती मंजूर होईपर्यंत जे महिने जातात, काही देशांत वर्षे जातात, त्या काळात आपला मुलगा किंवा मुलगी तिथे कोणत्या कागदाच्या बळावर नोकरी करते, असे विचारले तर बहुतेक घरांत सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. या महिन्यात आम्ही त्याच मधल्या काळाबद्दल लिहिणार आहोत.

आम्ही वकील नाही. उर्दू आणि मराठी शिकवतो. तरी असे कागद आमच्यापर्यंत येतात ते शाळेच्या दाखल्याच्या वाटेने. माजी विद्यार्थ्याला दाखल्याची दुसरी प्रत हवी असते, नावातली एखादी वेलांटी दुरुस्त करून हवी असते, कुणाला उर्दूतला निकाहनामा मराठीत वाचून हवा असतो. ते काम झाले की पालक खिशातून फोन काढतात आणि मुलाने पाठवलेले इंग्रजी पत्र पुढे करतात. "सर, बघा ना, चांगलं लिहिलंय की वाईट?" दोनचार वर्षे अशी पत्रे वाचून वाचून आम्हाला त्यांची भाषा थोडीफार कळू लागली आहे.

आपल्या लोकांना परदेश पहिल्यांदा कळला तो आखातामुळे. तिथला हिशेब सरळ होता. कफील आहे तोवर इकामा, इकामा आहे तोवर काम, आणि काम संपले की सामान बांधून घरी. कायम राहण्याची आशा कुणी धरली नाही, कारण तिथे तशी सोयच नव्हती. सौदीने आणि अमिरातीने २०१९ पासून दीर्घ मुदतीचे परवाने काढले, पण ते पैसेवाल्यांसाठी आणि मोठ्या पदांवरच्या लोकांसाठी. आपल्या गवंडी, ड्रायव्हर, एसी मेकॅनिक मंडळींनी आणखी एक वाट शोधली होती. तिचे नाव 'आझाद व्हिसा'. कागदावर कफील एक, काम भलतीकडे, आणि कफिलाच्या हातावर दरमहा काहीतरी ठेवायचे. हे बेकायदा आहे हे सगळ्यांना माहीत होते आणि चालते हेही माहीत होते. सौदीने २०११ मध्ये निताकतचा नियम आणला आणि कागद नीट करून घेण्यासाठी दिलेली मुदत ३ नोव्हेंबर २०१३ रोजी संपली, तेव्हा कित्येकांचे 'चालते' एकाएकी थांबले आणि माणसे परत आली.

आखाताची आठवण मुद्दाम काढली. आज कॅनडात असलेल्या भाच्याला फोनवर सल्ला देणारा मामा बहुधा दमाममध्ये पंधरा वर्षे काढून आलेला असतो. त्याचा अनुभव खरा आहे, पण तो दुसऱ्या देशाचा आहे. आखातात चोरून काम करताना पकडला गेला तर माणूस नोकरी गमावून घरी येई. कॅनडात चोरून केलेले काम कुणी पकडले नाही तरी ते पीआरच्या फायलीत येऊन बसते, कारण त्या फाईलमध्ये प्रत्येक नोकरीचा महिना आणि वर्ष लिहून द्यावे लागते. खरे लिहिले तर परवान्याशिवाय काम केल्याची कबुली, खोटे लिहिले तर सरकारला फसवल्याबद्दल पाच वर्षांची बंदी. मामाच्या 'चालतंय रे' मध्ये हा भाग येत नाही.

आता मूळ गोष्टीकडे येऊ. कॅनडाचेच उदाहरण घेतो, कारण आमच्याकडे येणारी बहुतेक पत्रे तिथली असतात.

'फाईल टाकली' हे शब्द आपल्याकडे तीन वेगवेगळ्या गोष्टींसाठी वापरतात. मुलाने सरकारी संकेतस्थळावर आपली माहिती भरली की घरचे म्हणतात फाईल टाकली. ती नुसती नावनोंदणी असते. वय, शिक्षण, इंग्रजी, कामाचा अनुभव यांचे १२०० पैकी गुण ठरतात आणि नाव रांगेत पडून राहते. पुढे गुण पुरेसे असतील तर सरकारचे बोलावणे येते, आणि आले की ६० दिवसांत सगळ्या कागदांसह खरा अर्ज भरायचा असतो. त्यानंतर अर्ज मिळाल्याची पोच येते. या तिन्ही पायऱ्यांवर घरी मिठाई वाटली जाते, आणि तिन्हींपैकी एकाही पायरीवर काम करण्याचा हक्क मिळत नाही. पीआरचा अर्ज प्रलंबित आहे म्हणून कॅनडात कुणालाही नोकरी करता येत नाही. नोकरी करता येते ती वर्क परमिटवर, आणि ते वेगळे मागावे लागते. हे एवढे वाक्य पालकांनी पाठ करावे, असे आम्हाला वाटते.

तिथे शिकायला गेलेल्या मुलाला शिक्षण संपल्यावर कामाचा खुला परवाना मिळतो. जास्तीत जास्त तीन वर्षांचा. खुला म्हणजे कुठल्याही मालकाकडे काम करता येते, कफिलाची भानगड नाही. पण तो आयुष्यात एकदाच मिळतो. त्या तीन वर्षांत अनुभव मिळवायचा, गुण जमवायचे, बोलावणे मिळवायचे आणि पोच हातात घ्यायची. तोवर परवाना संपत आलेला असतो आणि पीआरचा निकाल लागलेला नसतो. या फटीसाठी कॅनडाने एक सोय ठेवली आहे, 'ब्रिजिंग ओपन वर्क परमिट'. नावाप्रमाणे तो पूल आहे. पीआरच्या अर्जाची पोच मिळालेला, कॅनडातच असलेला आणि आधीचा परवाना चालू असलेला माणूस तो मागू शकतो. फी १५५ डॉलर आणि खुल्या परवान्याचे वर १०० डॉलर.

हा पूल मागितल्यावर लगेच मिळत नाही, तिथेही महिने जातात. मग जुना परवाना संपल्यापासून नवा हातात येईपर्यंत काय? जुना संपण्यापूर्वी नव्या परवान्याचा अर्ज गेला असेल तर निर्णय होईपर्यंत जुन्याच अटींवर काम चालू ठेवता येते. याला तिकडे 'मेंटेन्ड स्टेटस' म्हणतात. अर्ज ऑनलाइन भरला की तसे एक पत्रही येते, ते मालकाला दाखवता येते. त्या पत्रावर एक तारीख असते आणि ती उलटली की घरचे घाबरतात. घाबरू नये. निर्णय झाला नसेल आणि मुलगा देशाबाहेर गेला नसेल तर काम करण्याचा हक्क तारखेनंतरही कायम असतो. मात्र निर्णय नकाराचा आला तर त्याच दिवशी काम थांबवावे लागते.

अर्ज एक दिवस उशिरा गेला तर? तर ९० दिवसांच्या आत आपला दर्जा पूर्ववत करून मागता येतो, पण त्या काळात काम करता येत नाही. घरभाडे मात्र चालू असते. याहून वाईट प्रकार आम्ही एकदा पाहिला. मुलाला कुणीतरी सांगितले की परवाना वाढत नसेल तर पाहुणा म्हणून मुदत वाढवून घे, म्हणजे झाले. त्याने वेळेत अर्ज केला आणि निर्धास्तपणे कामावर जात राहिला. पाहुण्याच्या अर्जाने देशात राहण्याचा हक्क टिकतो, काम करण्याचा टिकत नाही. कामाचा हक्क टिकवायचा तर अर्जही कामाच्याच परवान्याचा हवा. ज्याने सल्ला दिला तो आपल्याच भागातला कमिशनवाला, आणि त्याच्या फलकावर 'इमिग्रेशन एक्स्पर्ट' असे लिहिलेले आहे. कॅनडाच्या कायद्यात पैसे घेऊन असा सल्ला फक्त वकील किंवा तिथल्या परवानाधारक सल्लागारांच्या संस्थेचा सदस्यच देऊ शकतो, आणि त्या सदस्यांची नावे कुणालाही तपासून पाहता येतात.

आधी ही फट लहान होती, आता ती रुंदावली आहे. कॅनडाने २०२५ सालासाठी ५ लाख नव्या कायम रहिवाशांचे लक्ष्य ठेवले होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये ते ३ लाख ९५ हजारांवर आणले. जागा कमी झाल्या आणि तीन वर्षांचे परवाने घेऊन वाट पाहणारी मुले तेवढीच राहिली, त्यामुळे लागणारे गुण ५०० च्या वर जाऊन बसले. फ्रेंच येणाऱ्यांना मात्र बऱ्याच कमी गुणांवर बोलावणे येते. आमच्या हाताखाली अलिफ-बे गिरवलेली दोन मुले आज तिकडे रात्री फ्रेंचची क्रियापदे पाठ करत आहेत. चौथी भाषा. मराठी, उर्दू आणि इंग्रजी एकदम सांभाळणाऱ्या मुलांना भाषेचे ओझे वाटत नाही, असा आमचा तरी अनुभव आहे.

याच टंचाईतून रोख पैशांच्या कामाचा मोह वाढतो. विद्यार्थ्याला शिकताना कॉलेजबाहेर आठवड्याला किती तास काम करता येते, याचे नियम दर थोड्या दिवसांनी बदलले. आधी २० तास होते, नोव्हेंबर २०२२ मध्ये बंधन उठवले, एप्रिल २०२४ अखेर ते परत आले आणि ८ नोव्हेंबर २०२४ पासून २४ तास झाले. बंधन उठलेल्या काळात गेलेल्या मुलाने पूर्ण वेळ कमाईवर खर्चाचा हिशेब बसवला होता. तो बिघडला आणि मालक म्हणाला, वरचे तास रोखीत देतो. रोखीतल्या कामाची पगारपत्रके नसतात, मग अनुभव मोजणार कशाने? कॅनडातल्या अनुभवाच्या गटातून पीआर मागायचा तर गेल्या तीन वर्षांत परवान्यावर केलेले निदान एक वर्षाचे, म्हणजे १,५६० तासांचे काम लागते, आणि तेही कौशल्याच्या ठरावीक श्रेणीतले. हॉटेलातला कुक आणि ट्रक ड्रायव्हर त्यात बसतात. गोदामात खोकी उचलणारा किंवा काउंटरवर कॉफी देणारा बसत नाही. पूर्ण वेळ विद्यार्थी असताना केलेले काम धरत नाहीत आणि स्वतःच्या धंद्याचेही धरत नाहीत, त्यामुळे स्वतःची गाडी ॲपवर चालवलेले महिने त्या हिशेबात शून्य. घाम गाळला म्हणून अनुभव झाला, असे तिथे नाही.

दुसरा मोह नोकरीचे पत्र विकत घेण्याचा. मालकाने सरकारची मंजुरी घेऊन दिलेल्या नोकरीच्या पत्राला पूर्वी ५० किंवा २०० गुण मिळत. त्याचा बाजार झाला, लाखोंचे भाव झाले. २५ मार्च २०२५ पासून कॅनडाने ते गुणच काढून टाकले. त्याआधी पैसे मोजलेल्यांचे पैसे गेले. कागद एजंटने खोटा केला तरी त्यावर नाव आपल्या मुलाचे असते. २०२३ मध्ये जालंधरच्या एका एजंटाने दिलेल्या बनावट प्रवेशपत्रांमुळे शेकडो विद्यार्थ्यांवर हद्दपारीची वेळ आली होती. त्यांतले कित्येक तोवर शिक्षण संपवून पीआरच्या दारात पोचले होते, आणि जुना कागद तेव्हा उघडा पडला.

आता ज्या घरामुळे हा लेख लिहायला घेतला, त्या घराबद्दल. नाव लिहीत नाही. वॉर्ड नंबर दोनमधले कुटुंब, वडिलांचे वेल्डिंगचे दुकान, मुलगा आमचा विद्यार्थी. २०२१ मध्ये तो ब्रॅम्प्टनला गेला. कॅनडात राहण्याचा खर्च आहे हे दाखवण्यासाठी त्या वेळी १० हजार डॉलर तिथल्या बँकेत ठेवावे लागत (१ जानेवारी २०२४ पासून ही रक्कम २०,६३५ झाली). ते आणि फी यांसाठी नेवासा रोडकडची थोडी जागा विकली. मुलीला त्याच वर्षी नर्सिंगला जायचे होते, ते राहून गेले. हे आम्हाला तिच्या आईने सांगितले, वडिलांनी नाही.

मुलाने सगळे नियमाने केले. हिशेबनिसाची नोकरी धरली, बोलावणे आले, पोच मिळाली, पुलाचा परवाना वेळेत मागितला. जुना परवाना संपला आणि तो पत्रावर काम करू लागला. याच सुमारास बहिणीचा निकाह ठरला आणि तारीख निघाली. घरात प्रश्न एकच, भाऊ येणार की नाही.

या काळात तो कॅनडाबाहेर गेला तर काम चालू ठेवण्याचा हक्क तिथेच संपतो. परत जाता आले तरी नवा परवाना मिळेपर्यंत नोकरीवर जाता येणार नाही. आणि परत जाणेही सोपे नव्हते, कारण पासपोर्टवरचा व्हिसा जुन्या परवान्याबरोबरच संपला होता. इथून नवा व्हिसा मागावा लागला असता, तो मिळेपर्यंत नोकरी कुणी राखली नसती. कमिशनवाला म्हणत होता, "कुछ नहीं होता, आने दो." आई म्हणत होती, "सर, एकुलता भाई. विदाईला तो नसेल तर लोक काय म्हणतील?" वडील गप्प होते. मुलगा फोनवर म्हणत होता, मी येतो, नोकरी गेली तर गेली. ते ऐकून आई आणखी रडत होती.

आम्ही पत्र दोनदा वाचून दाखवले. आमचे मत विचारले तेव्हा सांगितले की येऊ नये. यावर आईने एक वेगळाच प्रश्न काढला. परवाना तर संपला आहे, मग आता जो पगार तो घरी पाठवतो, तो हलाल आहे का? इतके दिवस हा काटा तिच्या मनात होता आणि आम्हाला त्याचा पत्ता नव्हता. फतवा देणे आमचे काम नाही, ते आलिम मंडळींना विचारावे. पण एवढे सांगता आले की तो चोरून काम करत नाही. तिथल्या कायद्याने त्याला निर्णय होईपर्यंत काम करण्याची परवानगी दिली आहे आणि त्याचा पुरावा या पत्रात आहे. तिने पत्र हातात घेतले, इंग्रजी येत नसताना त्यावरून बोट फिरवले आणि परत दिले.

तोड काढली ती मुलीने. ती आतून बाहेर आली आणि म्हणाली, "निकाह ठरल्या दिवशीच होऊ द्या. रुखसती भाईजान आल्यावर." आपल्यात निकाह आधी आणि रुखसती नंतर हे काही नवे नाही. पूर्वी मुली लहान असत म्हणून होई, आता कुणाची परीक्षा असते म्हणून होते. सासरच्यांनी दोन दिवस मागितले, मग मान्य केले, पण रमजाननंतर फार लांबवू नका अशी अट घातली. निकाह असरनंतर झाला. तिकडे सकाळचे साडेसहा वाजले होते. मुलगा कामावर निघण्याआधी फोनवर होता आणि वकील व दोन गवाह मुलीची इजाजत घेऊन परत येईपर्यंत त्याचे चित्र तीनदा अडकले.

तोड चांगली निघाली, यात वाद नाही. तरी आम्हाला एक गोष्ट बोचते. नर्सिंग तिचे राहिले, विदाई तिची लांबली. घरातल्या मुलाच्या कागदांची किंमत कोण भरतो, हे आपण हिशेबात कधी लिहीत नाही. पीआर आला की मिठाई त्याच्या नावाची वाटली जाईल. त्याआधी कुणीतरी तिच्या नर्सिंगच्या प्रवेशाची चौकशी करावी, असे आम्ही वडिलांना सांगितले आहे. वय गेलेले नाही.

देश बदलला की नियम बदलतात, पण प्रवासाची ही अडचण जवळजवळ सगळीकडे आहे. ब्रिटनमध्ये १९७१ च्या इमिग्रेशन कायद्यातले ३-सी हे कलम वेळेत अर्ज केलेल्या माणसाला जुन्याच अटींवर काम करू देते, पण निर्णयाआधी देश सोडला तर अर्ज मागे घेतला असे धरतात. ऑस्ट्रेलियात अर्जाबरोबर 'ब्रिजिंग व्हिसा ए' मिळतो, आणि तो चालू असताना बाहेर जाऊन परत यायचे तर जाण्यापूर्वी 'बी' मागून घ्यावा लागतो. निदान तिथे मागायची सोय तरी आहे. जर्मनीत मधल्या काळासाठी जे प्रमाणपत्र देतात त्याच्या नावाचा शब्दशः अर्थ 'कल्पित असल्याचा दाखला' असा होतो. जुना परवाना चालूच आहे अशी कायद्याने कल्पना केलेली असते म्हणून. आमच्या मुख्याध्यापकांना हे सांगितले तर ते म्हणाले, असे दाखले आपल्याकडे मागायला येणारे रोज दोन असतात.

ब्रिटनचा विषय निघाला म्हणून एक जुनी हकिकत. तिथे २००२ मध्ये उच्च कौशल्याच्या लोकांसाठी एक योजना सुरू झाली. आपल्याकडचे अनेक जण घरदार विकून, काही वर्षांनी कायमचे राहता येईल या भरवशावर गेले. २००६ मध्ये सरकारने मध्येच नियम बदलले आणि ते आधी आलेल्यांनाही लावले. लोक नोकरीवर, मुले शाळेत, आणि परवाना वाढेल की नाही याची शाश्वती नाही. अमित कपाडिया यांच्या एचएसएमपी फोरमने कोर्टात दाद मागितली आणि ८ एप्रिल २००८ रोजी लंडनच्या हायकोर्टाने निकाल त्यांच्या बाजूने दिला. आधी आलेल्यांना नव्या नियमात ओढणे चुकीचे, असे कोर्टाचे म्हणणे पडले. सगळ्यांना कोर्ट परवडत नाही, पण एकत्र येऊन वर्गणी काढता येते.

अमेरिकेची रांग सर्वांत लांब. नोकरीच्या मार्गाने वर्षाला सुमारे १ लाख ४० हजार ग्रीन कार्डे, त्यांत बायकामुलेही धरलेली, आणि कोणत्याही एका देशाला साधारण ७ टक्क्यांची मर्यादा. त्यामुळे भारतीयांचा नंबर वर्षानुवर्षे लागत नाही. तोवर माणूस एच-१बी वर काम करतो. शेवटचा अर्ज, म्हणजे आय-४८५, भरता आला की कामाचे वेगळे कार्ड मागता येते, आणि अर्जाला १८० दिवस झाले की त्याच प्रकारच्या दुसऱ्या नोकरीवर जाता येते. नोकरीच्या मार्गाने आलेल्याने परवान्याशिवाय केलेले काम एकूण १८० दिवसांच्या आत असेल तर तिथला कायदा ते पोटात घालतो. कॅनडात असे पोटात घालणे नाही. उलट एक सवलत अमेरिकेने नुकतीच काढून घेतली. पूर्वी कामाच्या कार्डाच्या नूतनीकरणाचा अर्ज वेळेत केला की जुने कार्ड आपोआप ५४० दिवसांपर्यंत चालू राही. ३० ऑक्टोबर २०२५ पासून केलेल्या अर्जांना बहुतेक करून ही सोय उरलेली नाही. घरात कुणाची सून किंवा मुलगी एच-४ च्या कार्डावर तिथे नोकरी करत असेल (ही परवानगी २६ मे २०१५ पासून सुरू झाली) तर तिला नूतनीकरणाची तारीख आजच विचारा. नवे कार्ड हातात येण्याआधी जुने संपले तर तिला घरी बसावे लागेल.

आपल्या देशातही असे वाट पाहणारे लोक आहेत. सीमेपलीकडून लग्न होऊन आलेल्या सुना लाँग टर्म व्हिसावर राहतात, आणि नागरिकत्वाचा अर्ज करण्यासाठी त्यांना सात वर्षे इथे वास्तव्य करावे लागते. गायक अदनान सामी २००१ मध्ये मुंबईत आले आणि १ जानेवारी २०१६ रोजी भारताचे नागरिक झाले. मधली सारी वर्षे ते व्हिसा वाढवून घेत गात होते.

शेवटी कागदांविषयी, कारण ते आमच्या हातातले काम आहे. आपल्या मुलांची नावे शाळेच्या जनरल रजिस्टरात 'शेख अमुक तमुक' अशी आडनाव आधी लिहिलेली असतात. पासपोर्टवर आडनाव शेवटी जाते, आणि कधी आडनावाचा रकाना रिकामाच राहतो. शेख हा एक शब्द इंग्रजीत चार तऱ्हांनी लिहिला जातो, आणि एका घरातल्या तीन भावांनी तीन तऱ्हा निवडलेल्या आम्ही पाहिल्या आहेत. पीआरच्या फाईलमध्ये दाखला, पदवी, पोलिसांचे प्रमाणपत्र आणि पासपोर्ट शेजारी शेजारी ठेवून तपासतात. फरक असला तर तो एकाच व्यक्तीच्या नावातला आहे, असे प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवावे. त्यात आता जिल्ह्याचे नावही बदलले आहे. २०२४ पूर्वीच्या कागदांवर अहमदनगर असेल, नंतरच्या कागदांवर अहिल्यानगर. ही चूक नाही, पण अर्जात दोन ओळींत तसे लिहून दिले तर तिकडचा कारकून अडखळणार नाही. (आपल्या गावच्या स्टेशनला रेल्वे वर्षानुवर्षे बेलापूर म्हणत आली आहे, ते मात्र कुठल्या अर्जात लिहायची गरज पडत नाही.) निकाहनामा उर्दूत असेल तर विवाहाची नोंदणी करून सरकारी प्रमाणपत्र घ्या. राज्यात त्यासाठी १९९८ चा कायदा आहे. जोडीदारासाठी अर्ज करताना निकाहनाम्याचा अनुवाद आणि हे प्रमाणपत्र दोन्ही जोडले की प्रश्न येत नाहीत.

आणि पासपोर्टची तारीख. पुलाचा परवाना पासपोर्टच्या मुदतीपलीकडे देत नाहीत. पासपोर्ट सात महिन्यांत संपणार असेल तर परवानाही सात महिन्यांचाच हातात पडतो आणि फी पुन्हा भरावी लागते. दहावीनंतर घाईत काढलेले बरेच पासपोर्ट येत्या दोनतीन वर्षांत संपणार आहेत. मुलाला आज रात्री फोन कराल तेव्हा त्याच्या पासपोर्टच्या पहिल्या पानाचा फोटो मागवून घ्या.